निकाल शंभर टक्के, पण शाळेनं काय केलं?

महाराष्ट्रात दहावीचा निकाल २०१८ साली ८९.४१ टक्के लागला. २०१९ साली तो ७७.१० टक्क्यांवर घसरला. २०२० साली ९५.३० टक्के झाला आणि २०२१ साली ९९.९५ टक्के. म्हणजे राज्यातलं जवळपास एकूण एक मूल पास.

हे चार आकडे ओळीनं वाचले तर वाटेल, २०१९ मध्ये शिक्षकांनी शिकवायचं सोडलं होतं आणि पुढच्या दोन वर्षांत त्यांनी कमाल केली. प्रत्यक्षात काय झालं होतं? २०१९ साली भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे शाळेच्या हातातले वीस गुण काढून टाकले होते. निकाल पडला, ओरड झाली, गुण परत आले. २०२१ साली तर कोरोनामुळे परीक्षाच झाली नाही. नववीचे गुण आणि शाळेनं केलेलं मूल्यमापन यांवर मंडळानं निकाल लावला. ज्या वर्षी शाळा बराच काळ बंद होत्या आणि एकही पेपर झाला नाही, त्या वर्षीचा निकाल या चौघांत सगळ्यांत जास्त आहे.

दर वर्षी निकालानंतर गावोगावी चौकात फ्लेक्स लागतात. ‘उज्ज्वल निकालाची परंपरा कायम’, खाली मुलांचे फोटो, फोटोखाली टक्के. ते पाहून लोक पुढच्या वर्षीची शाळा ठरवतात, घर बदलतात, कर्ज काढतात. शाळा आपल्या मुलाचं भलं करते की नाही हे ओळखायचं कसं, या प्रश्नावर गेल्या पंचवीस-तीस वर्षांत फार मोलाचं संशोधन झालंय. त्यातलं एक तर आपल्या मुंबईतच, महापालिकेच्या शाळांत झालं. ते पालकांपर्यंत पोचलेलं नाही, याची मला मनापासून खंत वाटते.

टक्केवारीच्या खालचा आकडा

निकालाची टक्केवारी म्हणजे साधा अपूर्णांक. वर पास झालेली मुलं, खाली परीक्षेला बसलेली मुलं. आपण सगळे वरच्या आकड्याकडे बघतो. खरी गोष्ट बऱ्याचदा खालच्या आकड्यात असते.

आमच्या शेजारच्या घरातली हकिगत सांगतो. मुलगा गणितात कच्चा, बाकी बरा. नववीचं वर्ष संपता संपता आईवडिलांना शाळेत बोलावलं. सर म्हणाले, ‘याला दहावी झेपायची नाही, वर्ष वाया जाईल. सतरा नंबरचा फॉर्म भरा.’ सतरा नंबरचा फॉर्म म्हणजे शाळेत न जाता बाहेरून दहावीला बसायचा अर्ज. काम करणाऱ्यांसाठी, शिक्षण मध्येच सुटलेल्यांसाठी ही सोय आहे आणि ती हवीच. पण हा मुलगा रोज शाळेत जात होता, त्याला जायचंही होतं. वडिलांनी सही केली. वर्षभर तो घरी एकटा बसून गाईड वाचत राहिला आणि काठावर पास झाला. त्याच्या शाळेचा त्या वर्षीचा निकाल शंभर टक्के लागला. तो त्या शंभरात नव्हताच.

म्हणून कुठल्याही शाळेच्या निकालावर पहिला प्रश्न हाच: पाचवीत किंवा आठवीत पटावर किती मुलं होती आणि दहावीला किती बसली? मधली कुठे गेली?

जमीन कुणाची, मशागत कुणाची

समजा गळतीही नाही आणि गडबडही नाही. तरी पंचाण्णव टक्के निकालाची शाळा ऐंशी टक्केवालीपेक्षा चांगली, असं म्हणता येईल?

शेतकऱ्याला हे वेगळं सांगावं लागत नाही. नदीकाठच्या काळ्या रानात एकरी उतारा जास्त येतो, मुरमाड माळावर कमी येतो. उतारा बघून कुणी म्हणत नाही की नदीकाठचा गडी जास्त कसबी. कसब बघायचं तर आधी जमीन बघावी लागते, पाणी बघावं लागतं, मग उताऱ्याकडे वळायचं.

शाळेचंही तसंच आहे. एका शाळेत मुलाखत घेऊन, गुणपत्रक बघून प्रवेश मिळतो. घरी पुस्तकं आहेत, आई अभ्यास घेते, सहावीपासून क्लास आहे. दुसऱ्या शाळेत पहिलीत येणाऱ्या मुलाच्या घरी कुणाला वाचताच येत नाही. पहिल्या शाळेतली मुलं नव्वदवर आली होती आणि पंचाण्णववर गेली. दुसऱ्या शाळेतली तीसवर होती, ती साठवर गेली. फ्लेक्स पहिल्या शाळेचा लागेल. काम कुणी जास्त केलं?

मूल शाळेत आलं तेव्हा कुठे होतं आणि शाळेत राहून किती पुढे सरकलं, या फरकाला संशोधक ‘मूल्यवर्धन’ म्हणतात. दुधाचं दही केलं, दह्याचं श्रीखंड केलं, तर प्रत्येक पायरीला किती किंमत वाढली तसा हा हिशेब. शाळेचं मोल करायचं तर बघायचं ते हे. आपल्याकडे मात्र मूल आलं तेव्हा कुठे होतं याची नीट नोंदच बहुतेक ठिकाणी नसते.

एक इशारा इथेच द्यायला हवा. वीस मुलांच्या वर्गात एक मूल म्हणजे पाच टक्के. दोन मुलं परीक्षेच्या आठवड्यात तापानं आजारी पडली की शाळा दहा टक्क्यांनी ‘घसरते’. लहान शाळेचा एका वर्षाचा आकडा धरून ना हार घालावा, ना नोटीस काढावी. तीन-चार वर्षांचे आकडे एकत्र बघावेत.

कट-ऑफच्या रेघेवरची मुलं

अकरावीच्या प्रवेशाचे दिवस आठवा. नामांकित कॉलेजची यादी ९४.२ ला बंद होते. एका मुलीला ९४.२ आहेत, ती आत. तिच्या मैत्रिणीला ९४.० आहेत, ती बाहेर. दोघींच्या हुशारीत काडीचा फरक नाही. एक एखाद-दुसऱ्या गुणानं आत गेली, दुसरी तेवढ्यानंच राहिली. पुढे दोन वर्षांनी या दोघींत जर मोठा फरक पडला, तर तो कॉलेजमुळे पडला असं बऱ्यापैकी खात्रीनं म्हणता येईल.

अमेरिकेत बॉस्टन आणि न्यूयॉर्क इथे काही सरकारी शाळांत प्रवेश परीक्षेनं प्रवेश मिळतो. तिथले पालक त्यासाठी वर्षानुवर्षं मुलांची तयारी करून घेतात. अर्थतज्ज्ञ जोशुआ अँग्रिस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रेघेच्या जरासं वर आणि जरासं खाली असलेल्या मुलांची तुलना केली आणि २०१४ साली ती प्रसिद्ध केली. आत गेलेल्यांना कितीतरी हुशार सोबती मिळाले होते. तरी पुढच्या परीक्षांतल्या गुणांत त्यांना जवळपास काहीच फायदा झालेला दिसला नाही. त्या शाळांचे निकाल झळाळते होते, कारण तिथे जाणारी मुलंच तशी होती.

यावरून नामांकित शाळा निरुपयोगी ठरत नाहीत. ही तुलना रेघेजवळच्या मुलांपुरती आणि गुणांपुरती आहे. पण पाच-दहा मार्कांनी यादी हुकली म्हणून घरात सुतक धरणाऱ्या आईबापांना आणि त्या मुलाला मला हे आवर्जून सांगावंसं वाटतं.

लॉटरी लागली, मग काय झालं?

रेघेहूनही चांगली तुलना लॉटरीत होते. शिक्षण हक्क कायद्याच्या (आरटीई) पंचवीस टक्के जागांची सोडत आपल्याला माहीत आहे. अर्ज करणारी सगळी घरं साधारण एकसारखी आणि मुलाच्या भवितव्याची काळजी असलेली. कुणाची चिठ्ठी निघते हा निव्वळ नशिबाचा भाग. त्यामुळे लागलेली आणि न लागलेली मुलं यांची तुलना केली की घरचा, जातीचा, पैशाचा फरक दोन्ही बाजूंना सारखाच वाटला जातो. उरतो तो शाळेचा फरक. संशोधनात याला ‘यादृच्छिक निवड’ म्हणतात. चिठ्ठ्या टाकून निवड, एवढाच त्याचा अर्थ.

कार्तिक मुरलीधरन आणि वेंकटेश सुंदररामन यांनी आंध्र प्रदेशातल्या १८० गावांत २००८ पासून चार वर्षं असा अभ्यास केला. सरकारी शाळेतल्या मुलांना सोडतीनं खासगी शाळेत जायची संधी दिली, फीचा खर्च योजनेनं उचलला. तेलुगू आणि गणितात सोडत लागलेल्या मुलांना न लागलेल्यांपेक्षा जास्त गुण मिळाले नाहीत. हिंदीत मात्र ती पुढे होती. खासगी शाळा तेलुगू-गणिताला वेळ कमी देत होत्या आणि तो इतर विषयांकडे वळवत होत्या. आणखी एक गोष्ट निघाली, तीही प्रामाणिकपणे सांगायला हवी: खासगी शाळांचा दर मुलामागचा खर्च सरकारी शाळेच्या एक तृतीयांशाहूनही कमी होता. ‘खासगी म्हणजे चांगली’ म्हणणारे आणि ‘सरकारीच खरी’ म्हणणारे, दोघांनाही हा निकाल पुरता सोयीचा नाही. म्हणूनच मला तो विश्वासाचा वाटतो.

मुंबईची बालसखी

आता ज्याच्यासाठी हा लेख लिहायला घेतला ते.

१९९५ साली मुंबईत ‘प्रथम’ ही संस्था उभी राहिली. माधव चव्हाण आणि फरीदा लांबे तिचे संस्थापक. महापालिकेच्या शाळांत त्यांना दिसलं ते असं: तिसरी-चौथीच्या वर्गात पन्नास-साठ मुलं, बाई चौथीचं पुस्तक शिकवतायत आणि मागच्या बाकांवरच्या मुलांना अजून अक्षरं जुळवता येत नाहीत. मूल रोज येतं, गप्प बसतं, घरी जातं. हजेरी पूर्ण.

उपाय अगदी घरगुती होता. वस्तीतलीच एखादी शालेय शिक्षण पूर्ण केलेली तरुण मुलगी घ्यायची. तिला थोडं प्रशिक्षण द्यायचं आणि महिना पाचशे ते साडेसातशे रुपये मानधन. तिनं मागे पडलेली पंधरा-वीस मुलं रोज दोन तास वर्गाबाहेर, जागा मिळेल तिथे, कधी व्हरांड्यात घेऊन बसायचं. चौथीचं पुस्तक बाजूला. ज्याला अक्षर येत नाही त्याच्याशी अक्षरापासून सुरुवात, ज्याला हातचा कळत नाही त्याच्याशी हातच्यापासून. तिला म्हणायचं बालसखी.

हे चालतं का, हे ‘आमचा अनुभव चांगला आहे’ एवढ्यावर न सोडता अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबई आणि वडोदरा इथे मोजलं. चिठ्ठ्या टाकून काही शाळांना एका इयत्तेसाठी बालसखी दिली, उरलेल्यांना दुसऱ्या इयत्तेसाठी. वर्षाच्या सुरुवातीला आणि शेवटी दोन्हीकडच्या मुलांची चाचणी घेतली. दुसऱ्या वर्षाअखेर फरक असा होता: शंभर मुलं गुणांनुसार रांगेत उभी केली, तर मधोमध पन्नासाव्या जागी असलेलं मूल साधारण एकसष्टाव्या जागी गेलं. सगळ्यांत जास्त फायदा झाला तो सर्वांत मागे असलेल्यांना.

या अभ्यासातली एक बारीक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. बालसखी वीस मुलं बाहेर घेऊन गेली की आत बाईंच्या वर्गात तेवढी मुलं कमी होत. वर्ग लहान झाला. तरी आत राहिलेल्या मुलांत काही सुधारणा दिसली नाही. पट कमी केला, पण शिकवायची पद्धत तीच ठेवली, तर त्या शाळांत तरी उपयोग झाला नाही. मुलाला जे येतं तिथून शिकवणं, यानं फरक पडला.

आणि हेही खरं की बालसखी संपल्यावर वर्षभरात फायद्यातला बराचसा भाग ओसरला. एकदा खत घातलं म्हणून रान कायमचं सुधारत नाही.

२०१९ साली बॅनर्जी, डुफ्लो आणि मायकल क्रेमर यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यांच्या कामाच्या मुळाशी मुंबईतल्या शाळांचे ते व्हरांडेही आहेत, हे आपल्याकडे फारसं कुणी सांगत नाही.

प्रश्न तेव्हा होता तेवढाच आजही आहे. ‘प्रथम’शी संलग्न असलेली ‘असर’ पाहणी २००५ पासून खेड्यापाड्यांत, घरी जाऊन मुलांना वाचायला देते. कागदावर चार पायऱ्या: सुटी अक्षरं, साधे शब्द, पहिलीचा छोटा परिच्छेद, दुसरीच्या पातळीची गोष्ट. २०२४ च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या मुलांपैकी ४८.८ टक्क्यांना दुसरीची गोष्ट वाचता आली. २०२२ पेक्षा हे प्रमाण सुधारलेलं आहे. तरीही पाचवीतल्या निम्म्याहून जास्त मुलांना ती वाचता आलेली नाही.

मुलांवर प्रयोग करायचे का?

हा आक्षेप मी अनेक शिक्षकांकडून ऐकलाय आणि त्यात कळकळ असते. एका वर्गाला द्यायचं आणि एकाला नाही, हे बरोबर आहे का?

पण आपण प्रयोग करतोच की. अभ्यासक्रम बदलला, पाठ्यपुस्तकं बदलली, वीस गुण काढले, परत दिले. हे सगळे लाखो मुलांवरचे प्रयोगच आहेत. त्यांत फक्त कुणी मोजत नाही, त्यामुळे फसलेला प्रयोगही वर्षानुवर्षं चालू राहतो. पेरू देशात ग्रामीण शाळांतल्या मुलांना लॅपटॉप दिले. मोजल्यावर दिसलं की गणितात आणि भाषेत काही फरक पडला नाही. मोजलं नसतं तर उद्घाटनाचे फोटो पुरावा म्हणून चालले असते. बालसखीच्या अभ्यासात प्रत्येक शाळेला काही ना काही मिळालं होतं, कुणी उपाशी राहिलं नव्हतं.

मुंबईत चाललं ते सगळीकडे चालेल?

नाही, आपोआप तर नाहीच. हीच पद्धत पुढे सरकारी शिक्षकांना शिकवून राबवायचा प्रयत्न बिहार आणि उत्तराखंडात झाला. प्रशिक्षण झालं, साहित्य पोचलं, पण वर्गात फारसं काही बदललं नाही. शिक्षकाच्या डोक्यावर अभ्यासक्रम पूर्ण करायची तलवार होती, वेळ काढणार कुठून? मग हरियाणात शाळेच्या वेळापत्रकातच एक तास राखून ठेवला, त्या तासाला इयत्ता विसरून मुलं पातळीप्रमाणे बसवली आणि देखरेख करणाऱ्यांना त्यात सामील केलं. तेव्हा भाषेत फरक दिसला, गणितात मात्र नाही.

म्हणून ‘परदेशात सिद्ध झालंय’ असं सांगत कुणी काही विकायला आलं तर विचारावं: कुठल्या मुलांवर, कुणी शिकवलं, किती वेळ आणि कुणाशी तुलना करून?

सगळं गुणांत मोजता येतं का?

येत नाही. मूल धीट झालं का, वर्गात कुणी जातीवरून बोलतं का, मुलींसाठी स्वच्छतागृह चालू आहे का, हे कुठल्या पेपरात येणार? काही गोष्टी डोळ्यांनीच बघाव्या लागतात.

शिवाय मोजमापाला पैसे आणि नोकरी बांधली की मापच बिघडतं. अमेरिकेतल्या अटलांटा शहरात मुलांच्या गुणांवर शाळांचं बरंवाईट ठरू लागलं, तेव्हा शिक्षकांनीच उत्तरपत्रिकांतली चुकीची उत्तरं खोडून बरोबर लिहिली. २०१५ साली अकरा जणांना न्यायालयानं दोषी ठरवलं. शिक्षण तोलायचं ते कुठे मदत हवी हे कळण्यासाठी. तराजूचा चाबूक केला की तोच आपल्याशी खोटं बोलतो.

कॉलेज आणि पॅकेज

कॉलेजच्या जाहिरातीत ‘सर्वोच्च पॅकेज’ असतं. समजा दहा मुलं पास झाली. एकाला वर्षाला चाळीस लाख मिळाले, पाच जणांना तीन-तीन लाख आणि चौघांना नोकरीच नाही. सर्वोच्च पॅकेज चाळीस लाख. नोकरी लागलेल्या सहा जणांची सरासरी नऊ लाखांच्या वर. आणि तुमच्या मुलाला मिळायची शक्यता जास्त ते तीन लाख, नाहीतर शून्य. म्हणून विचारायचं ते मध्यक, म्हणजे सगळ्यांचे पगार चढत्या क्रमानं लावल्यावर मधोमध येणारा आकडा. तोही नोकरीच्या मुलाखतींसाठी नोंदणी केलेल्यांतला नको, प्रवेश घेतलेल्या सगळ्यांतला हवा.

कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या ‘नॅक’ची श्रेणी आणि केंद्र सरकारची ‘एनआयआरएफ’ क्रमवारी यांतून प्राध्यापक किती, संशोधन किती, सुविधा काय हे कळतं. त्यातली बरीच माहिती कॉलेजनंच भरलेली असते. पहिल्या वर्षाला आलेली मुलगी तिसऱ्या वर्षापर्यंत किती शिकली, हे त्यांत कुठेच थेट मोजलेलं नसतं. अमेरिकेत स्टेसी डेल आणि ॲलन क्रूगर यांनी २००२ साली दाखवलं होतं की मोठ्या कॉलेजात प्रवेश मिळूनही जी मुलं कमी नावाजलेल्या कॉलेजात गेली, त्यांची पुढची कमाई सरासरीनं तेवढीच होती. अपवाद गरीब घरच्या मुलांचा. त्यांना मोठ्या कॉलेजचा खरोखर फायदा झाला. ज्यांच्या घरी ओळखीपाळखी नसतात त्यांना कॉलेज त्या मिळवून देतं, असा मी त्याचा अर्थ लावतो.

शाळेत जाऊन काय बघायचं

मी गेल्या वर्षी भाचीसाठी शाळा बघत तालुक्यात हिंडलो. एका मोठ्या शाळेत रिसेप्शनवर गुळगुळीत माहितीपत्रक मिळालं, मागच्या पानावर टॉपर. मी विचारलं, ‘तिसरीत जी मुलं मागे आहेत त्यांच्यासाठी काय करता?’ उत्तर आलं, ‘आमच्याकडे तशी मुलं नसतात.’

दुसरी होती जिल्हा परिषदेची दोनशिक्षकी शाळा. बाहेर फ्लेक्स नाही. बाईंनी कपाटातून एक लांबट वही काढली. प्रत्येक मुलाच्या नावापुढे पेन्सिलनं रकाने: जून, ऑगस्ट, ऑक्टोबर, जानेवारी. रकान्यात अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट यांपैकी एक शब्द. बरीच नावं जूनमध्ये ‘अक्षर’वर होती आणि जानेवारीत ‘परिच्छेद’वर. एका नावापुढे मात्र ऑगस्टला ‘शब्द’ होतं आणि पुढचे दोन्ही रकाने कोरे.

मी त्या कोऱ्या रकान्यांवर बोट ठेवलं. बाई म्हणाल्या, ‘ते पोरगं आईबापाबरोबर ऊसतोडीला गेलं. फडावरून परत आलं की मार्चमध्ये घ्यायचंय त्याला, शब्दापासनं.’